रिरिपेतीनं माफी पुन्हा वाचायला लावली

ओहारेरेच्या मराएवर, म्हणजे आमच्या जमातीच्या सभाघराच्या आवारात, एक्केचाळीस वर्षं जो कोणी जेवला, तो रिरिपेतीच्या हातचं जेवला. मयताला आलेले, लग्नाला आलेले, रग्बीचा सामना हरून तोंड लपवायला आलेले आणि सरकारकडून आलेले, सगळेच. माणूस कशासाठी आलाय हे तिला त्याच्या ताटावरून कळायचं. मयताचं माणूस आधी नुसता चहा मागतं आणि मग दोनदा वाढून घेतं. सरकारी माणूस 'अगदी थोडंसं' म्हणतो आणि पुडिंगच्या वेळी सगळ्यांच्या आधी ताटली पुढे करतो.

बाई ठेंगणी, रुंद. पायात पांढरे गमबूट, केसांवर जाळी, कानावर पेन्सिलीचं थोटूक. तरुणपणी ती गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात, कँटीनमध्ये होती. नवरा तेइरा शाळेची बस चालवायचा. तो अचानक गेला आणि एकटीपुरतं रांधायचं तिला काही जमेना. दहा बटाटे सोलल्याशिवाय हात थांबायचाच नाही. मग ती मराएच्या स्वयंपाकघरात आली आणि तिथलीच झाली.

आमच्याकडे सभाघरापुढचं अंगण पाहुण्यांचं, भाषणांचं आणि मानापमानांचं. मागचं अंगण रांधणाऱ्यांचं. ज्यांचे हात अन्नात आहेत त्यांनी समारंभ चालू असताना पुढे यायचं नाही, असा रिवाज. त्यामुळे इतक्या वर्षांत रिरिपेतीनं आपल्याच मराएवरचं एकही भाषण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं, कारण बहुतेक भाषणं तिच्या धाकट्या भावाची, हाकोपाची असायची. हाकोपा आमचा वक्ता. आवाज घंटेसारखा, स्मरण अफाट, आणि एकदा उभा राहिला की पृथ्वीच्या जन्मापासून सुरुवात.

सरकारची पहिली माणसं आली ती १९९६ साली, पातिकीच्या जमिनीबद्दल बोलायला. पातिकी म्हणजे नदीकाठचं सपाट रान, दोनशे बारा एकर. १९५१ मध्ये सरकारनं ते लष्कराला गोळीबाराच्या सरावासाठी घेतलं. काम झालं की परत देऊ, असं तोंडी सांगितलं. सैनिकांनी दोन उन्हाळे गोळ्या झाडल्या, मग त्यांना दुसरीकडे बरी टेकडी सापडली. जमीन मात्र परत आली नाही. ती गेली तट्टांच्या क्लबाकडे, शहरातल्या पोरींना घोड्यावर बसायला शिकवायला.

बोलणी बावीस वर्षं चालली. वकील आले, इतिहासकार आले, मोजणीवाले आले, आधीच्या मोजणीची मोजणी करणारे आले. प्रत्येकाला जेवण लागायचं. आमच्या बाजूचे म्हातारे एकेक करून बैठकीतून उठून थेट स्मशानात गेले, आणि त्यांच्या जागी त्यांची मुलं त्याच खुर्च्यांवर येऊन बसली. सरकारच्या बाजूनं एकच माणूस टिकला, लॉरिमर नावाचा. आला तेव्हा पोरगेला होता, डोक्यावर दाट काळे केस. अकराव्या वर्षी त्याची बदली झाली, तेराव्या वर्षी तो परत आला तेव्हा कपाळ मागे सरकू लागलं होतं. रिरिपेती म्हणायची, आपली फाइल किती पुढे गेली ते लॉरिमरच्या टकलावरून बघायचं.

त्याच्यावर तिचा जीव होता. त्याच्या दोन्ही मुलांना तिनं मोजे विणून दिले होते. पण म्हणून ती त्याला सोडायची नाही.

एकविसाव्या वर्षी माफीचा मसुदा आला. त्या दिवशी मागच्या अंगणात बटाटे सोलायचं काम चालू होतं. हाकोपा कागद घेऊन तिथंच आला, मागोमाग पुडिंगची ताटली हातात घेऊन लॉरिमर. हाकोपानं घसा साफ करून वाचलं की, सदर भूसंपादनामुळे काही रहिवाशांची गैरसोय झाली, याबद्दल शासन मनःपूर्वक खेद व्यक्त करते.

रिरिपेतीची सुरी थांबली.

"गैरसोय म्हणजे संडासाला कुलूप असणं," ती म्हणाली. "हे लिहिलंय कोणी?"

"समितीनं लिहिलंय, आंटी," लॉरिमर म्हणाला.

"समिती कधी घराबाहेर पडलीय का? स्वतःच्या घराबाहेर म्हणतेय मी. कोणी काढून."

मग तिनं सांगितलं, एखाद्या पदार्थाची कृती सांगावी तशा सुरात. ती दहा वर्षांची होती. आईनं पाव भट्टीत घातला होता. ट्रक आले, आणि हातात यादी असलेला एक अधिकारी दारात येऊन म्हणाला की बाराच्या आत घर रिकामं करा. आई म्हणाली, पावाला अजून अर्धा तास आहे. त्यानं घड्याळ बघितलं आणि कुंपणावर जाऊन बसला. पाव निघाला. दारात आलेला पाहुणा म्हणून आईनं त्यालाही एक तुकडा दिला, वर लोणी लावून, आणि त्यानं तो खाल्ला. मग त्यांनी घराला साखळी बांधली आणि ट्रॅक्टरनं ओढलं. आईनं दाराला कडी घालून ठेवली होती. घर आडवं झालं तरी कडी तशीच लागलेली होती.

"त्याला पाव आवडला होता," रिरिपेती म्हणाली. "हे पण लिहा म्हणावं समितीला."

लॉरिमरनं हातातली ताटली खाली ठेवली. तिनं त्याला पुडिंग संपवायला लावलं, कारण त्याचा त्यात काय दोष.

चार महिन्यांनी 'गैरसोय'च्या जागी 'त्रास' आला. रिरिपेतीनं निरोप धाडला की त्रास डासांचा होतो. मग 'हानी' आली. हानी नदीच्या पुरानंही होते, असा तिचा निरोप गेला, आणि पुराला कोणी माफी मागायला लावत नाही. शेवटी 'अन्याय' असा शब्द आला. तो तिनं दोनदा वाचून घेतला, आणि चालेल म्हणाली. राजधानीत म्हणे त्या शब्दावर तीन खात्यांच्या सह्या लागल्या.

समारंभ ठरला मार्चमधल्या एका शनिवारी, सकाळी दहाला. मंत्री स्वतः येऊन माफी वाचणार होते. पाहुणे सहाशे चाळीस. रिरिपेतीनं कानावरची पेन्सिल काढली आणि तीन दिवस आधीपासून हिशेब मांडला: चार डुकरं, अठरा मेंढ्या, रताळ्यांची बारा पोती, धुरावलेली वाम, रानभाजी, तळलेले पाव आणि कापडात बांधून वाफवलेलं पुडिंग. मुख्य जेवण आमच्या रीतीप्रमाणे जमिनीतल्या भट्टीत, हांगीत व्हायचं होतं. खड्ड्यात तापवलेले दगड, त्यावर मांसाच्या आणि रताळ्यांच्या टोपल्या, त्यावर ओली फडकी आणि वरून माती. एकदा माती टाकली की मग कोणाचं काही चालत नाही. साडेतीन तासांनी उघडावीच लागते. त्याआधी उघडली तर कच्चं, उशिरा उघडली तर मांस हाडाला ओळख दाखवत नाही.

साडेनऊला तिनं माती टाकली. दहाला कळलं की धुक्यामुळे मंत्र्यांचं विमान उडालेलंच नाही.

मंत्री साडेअकराला आले. उंच, लाजरा माणूस, नवाकोरा कोट. बायकांनी हाक घालून त्यांना आत घेतलं, सगळे बसले, आणि हाकोपा उभा राहिला.

भाषण पुढच्या अंगणात आणि आवाज मागच्या अंगणात यावा म्हणून रिरिपेतीच्या भाचीनं, मिरिआमानं, स्वयंपाकघरात एक स्पीकर लावून ठेवला होता. मिरिआमा पन्नाशीची, रिरिपेतीचा उजवा हात. एक वाजायला दहा मिनिटं असताना स्पीकरमधला हाकोपा १८६४ सालापर्यंत पोचला होता. जमीन गेली १९५१ मध्ये. रिरिपेतीनं मनातल्या मनात गणित केलं. अजून सत्त्याऐंशी वर्षं बाकी. हाकोपाच्या चालीनं डुक्कर थेट बिनदातांच्या पंगतीला वाढायच्या लायकीचं होणार.

"आंटी, कोणालातरी पाठवू का खूण करायला?" मिरिआमानं विचारलं.

"त्याला खूण केली की त्याला वाटतं लोक खूश आहेत," रिरिपेती म्हणाली.

तिनं एप्रन काढला, जाळी काढली, कोपरापर्यंत हात धुतले आणि इमारतीला वळसा घालून पुढच्या अंगणात गेली. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा. गमबूट काढायचे मात्र राहिले. बायकांच्या रांगेपुढे जाऊन ती उभी राहिली आणि पातिकीच्या नदीचं जुनं गाणं तिनं सुरू केलं.

भाषणाचा शेवट गाण्यानं करायचा हा आमचा रिवाज, आणि बायकांनी गाणं धरलं की वक्त्यानं तोंड मिटायचं हाही आमचाच रिवाज. बाकीच्या बायका क्षणभर तिच्या बुटांकडे बघत राहिल्या, मग एकेक करून उठल्या. हाकोपा १८६४ सालात तोंड उघडं ठेवून थांबला. बहिणीकडे त्यानं असं बघितलं की दुसरी कोणी असती तर जागीच वाळली असती. पण गाणं त्यांच्या आईचं होतं. दुसऱ्या कडव्याला त्याचा आवाज आपसूक तिच्या आवाजात मिसळला.

मंत्र्यांना वाटलं, हे सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय. ते उठले आणि खिशातून कागद काढला. रिरिपेती तोवर मागे पळाली होती, कारण एक वाजला होता.

पुढची वीस मिनिटं मागच्या अंगणात जी धांदल झाली ती झालीच. माती ओढली, फडकी उचलली, वाफेचा लोट उठला, टोपल्या बाहेर आल्या. मांस ठीक होतं, जेमतेम. एवढ्यात कोणीतरी ओरडलं की चहाचा बंब थंडगार आहे. स्वयंपाकघरात प्लगच्या जागा दोनच. एकीवर फ्रीज, दुसरीवर स्पीकर. रिरिपेतीनं स्पीकर काढला आणि बंब लावला. पाच मिनिटांत उकळेल, मग परत लावू, म्हणाली. बंबानं वीस मिनिटं घेतली.

पुढच्या अंगणात तेवढ्यात माफी वाचून झाली. मंत्र्यांचा आवाज दोनदा अडखळला म्हणतात. म्हातारी माणसं रडली, ज्यांनी कधी डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं अशी माणसंही रडली, आणि लॉरिमर सगळ्यांत जास्त. स्वयंपाकघरातल्या एकतीस जणांना फक्त झाकणांचा आवाज ऐकू आला.

सहाशे चाळीस माणसं जेवली. शेवटी पाहुण्यांनी स्वयंपाकघरात येऊन रांधणाऱ्यांचे आभार मानायचे असतात, तसे मंत्री आले, मागे त्यांची सेक्रेटरीबाई आणि लॉरिमर. मंत्र्यांनी आमच्या भाषेत चार वाक्यं पाठ करून आणली होती. आमच्या भाषेत केक आणि काख हे शब्द फक्त स्वराच्या लांबीनं वेगळे आहेत. मंत्र्यांनी एकतीस जणांपुढे छातीवर हात ठेवून सांगितलं की इतकी गोड काख त्यांनी आयुष्यात खाल्ली नव्हती.

मिरिआमाला ताटांच्या मांडणीमागे जाऊन बसावं लागलं. रिरिपेतीच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"आवडली ना, मग झालं," ती म्हणाली. "आभार राहू द्या. मघाशी बाहेर तुम्ही काय म्हणालात?"

मंत्र्यांना समजेना. मग प्लगची गोष्ट त्यांना सांगितली गेली. सेक्रेटरीबाई पुढे होऊन म्हणाली की मजकूर छापील आहे, चौकटीत घालून दिला आहे, सवडीनं वाचता येईल, आणि विमान तीनला सुटतंय.

"वाचायला मला येतं, बाई," रिरिपेती म्हणाली. "पण माफी काय वाचून घ्यायची असते? ज्यानं मागायची त्यानं तोंडानं मागायची. आणि सकाळी तुम्ही दीड तास उशिरा आलात तेव्हा आमचं डुक्कर थांबलंच की तुमच्यासाठी."

मंत्री सेक्रेटरीबाईकडे न बघता म्हणाले की ते वाचतील.

आता हाकोपा आडवा आला. मघाचा राग होताच, पण मुद्दा त्याचा खरा होता. असले जड शब्द अन्नाशेजारी, खरकट्या भांड्यांत उच्चारायचे नाहीत. पूर्वजांना ते चालणार नाही. रिरिपेतीला हे पटलं. तिला पटलं याचाच हाकोपाला धक्का बसला. मग सगळी वरात स्वयंपाकघराबाहेर, बटाटे सोलायच्या बाकांपाशी गेली. रांधणारे पालथ्या क्रेटांवर बसले, कोणाच्या पायात बूट, कोणाच्या हाताला अजून माती. मंत्री त्यांच्यापुढे उभे राहिले आणि वाचू लागले.

इथं माइक नव्हता, म्हणून त्यांना सावकाश वाचावं लागलं. दिलेला शब्द पाळला नाही, असं त्यांनी वाचलं. अन्याय झाला, असं वाचलं. १९५१ साली पातिकीवरून बारा कुटुंबांना घराबाहेर काढलं, असं वाचलं, आणि रिरिपेती म्हणाली, "तेरा."

मंत्री थांबले. सेक्रेटरीबाई म्हणाली की हा मजकूर संसदेपुढे ठेवून झाला आहे, तो आता बदलता येत नाही. लॉरिमरनं हळूच सांगितलं की आकडा त्या वेळच्या सरकारी नोंदवहीवरून घेतला होता.

"नोंदवहीत ती कशी असेल," रिरिपेती म्हणाली. "मालकीण नव्हती, भाडेकरूही नव्हती. करराइना होती. नदीकडेच्या पत्र्याच्या खोपटात राहायची, वाम धुरावून द्यायची सगळ्या गावाला. नवरा लढाईवरून आला नाही, पोरबाळ नाही. एकटी असली तरी ते घरच. यादीत नाव नाही म्हणून तिला कोणी उचलायलासुद्धा आलं नाही. बाकीची घरं पाडून झाल्यावर तिनं आपली भांडी पाटीत भरली आणि चालत नदीपलीकडे गेली. त्याच हिवाळ्यात वारली ती."

हाकोपा त्या वेळी सात वर्षांचा होता, आणि करराइना त्याला आता, सदुसष्ट वर्षांनी, आठवली.

मंत्र्यांनी खिसे चाचपले. पेन सेक्रेटरीबाईकडे होतं आणि ती ते काढेना. मिरिआमानं आत जाऊन डब्यांवर नावं घालायचा जाडा काळा मार्कर आणून दिला. मंत्र्यांनी कागद बाकावर ठेवला, 'बारा' खोडून 'तेरा' केलं, करराइनाचं नाव कसं लिहायचं ते विचारून समासात लिहिलं आणि खाली सही केली. मार्कर जाड असल्यामुळे खालच्या दोन ओळी झाकल्या गेल्या. त्यात वित्त खात्याविषयी काहीतरी होतं, त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. मग त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, नावासकट, आणि तिथून शेवटापर्यंत.

वाचून झाल्यावर सगळे रिरिपेतीकडे बघू लागले. मिरिआमाला वाटत होतं ती रडेल. हाकोपाला वाटत होतं ती भाषण करेल, आणि मग तो गाणं सुरू करेल. रिरिपेतीला स्वतःलाही वाटलं होतं की हे शब्द ऐकले की आत काहीतरी मोठं हलेल. तिला प्रत्यक्षात कळलं ते एवढंच की पहाटेपासून तिचे पाय दुखतायत. ती क्रेटवर बसली.

"ऐकलं," ती म्हणाली.

पुढे काही येणार नाही हे लक्षात आल्यावर मंत्र्यांनी मान लववली आणि वाकून, आमच्या रिवाजाप्रमाणे, तिच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावलं. ती बसलेली असल्यामुळे उंच माणसाला बराच वाकावं लागलं. जाताना तिनं मिरिआमाकरवी त्यांच्या हातात पुडिंगचा एक मोठा तुकडा दिला, विमानात खायला. एक तुकडा सेक्रेटरीबाईलाही. ती 'थोडंसंच' म्हणाली.

चौदा महिन्यांनी राजधानीतून स्वच्छ छापलेली नवी प्रत आली, तेरा कुटुंबं आणि करराइनाचं नाव असलेली, सोबत लॉरिमरची चिठ्ठी की हे त्याचं नोकरी सोडण्याआधीचं शेवटचं काम. ती प्रत सभाघरात लागली. मार्करवाली स्वयंपाकघरात लागली, बंबाच्या वर, आणि वाफेनं तिच्या कडा जरा फुगल्या आहेत.

जमीन परत आली. दोनशे बारातली एकशे नव्वद एकर, कारण बाकीच्यावरून आता डांबरी रस्ता जातो. तट्टांच्या क्लबाचा करार संपला तेव्हा त्यांची अध्यक्षीणबाई, फार नम्र आणि घाबरलेली, रिरिपेतीकडे आली आणि तट्टं ठेवू द्याल का म्हणून विचारू लागली. रिरिपेतीनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की अर्ज तीन प्रतींत करा, आमची समिती बसेल, आणि साधारण बावीस वर्षांत उत्तर येईल. बाईचा चेहरा इतका पडला की रिरिपेतीला मग राहवेना. रताळ्यांना खत लागतंच, ती म्हणाली, एका कोपऱ्यात ठेवा आणि लीद दर शनिवारी टाकून जा.

आता ती त्र्याऐंशीची आहे. हाकोपा तिला गाडीतून पातिकीवर सोडतो. १८६४ वरून ती दोघं तीन आठवडे बोलत नव्हती, पुढे विसरली. तो वाफ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि कुठला वाफा कोणाच्या घराच्या जागी आलाय ते तिला समजावून सांगतो. ती मध्येच त्याला थांबवते आणि बरोबर जागा दाखवते. मग तो ती जागा पुन्हा पहिल्यापासून सांगतो, आणि ती खुरपं घेऊन पुढच्या ओळीला लागते.